माठाला तेल, चिंबीची ओल

एक होता माठ. पोटानं मोठा, तोंडानं छोटा.

माठाखाली होती वाळू. वाळूत होती ओल. ओलीत होती चिंबी.

चिंबी कोण? चिंबी बेडकी. केवढी? बाळाच्या अंगठ्याच्या नखाएवढी. बघ बरं तुझं नख. तेवढीच.

माठाला यायचा घाम. घामाचा व्हायचा थेंब. थेंब पडायचा टप्प. वाळू प्यायची. वाळूत धण्याचं एक रोप होतं, ते प्यायचं. मग चिंबी पोट टेकून बसायची आणि तीही भिजायची.

भिजली की म्हणायची, "डराव." म्हणजे बरं चाललंय.

माठ कुणाचा? बकुळाआत्याचा. घरात दोघंच. एक बकुळाआत्या आणि एक आतोबा. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. माठ यंदाचाच होता. कोरा करकरीत, लाल लाल.

आता बकुळाआत्याला एक सवय होती. तेल लावायची. सकाळी उठायचं, तेलाची वाटी घ्यायची आणि निघायचं. दाराच्या कडीला तेल. खाटेच्या पायांना तेल. शेजारचं बाळ आलं, बाळाला तेल. आतोबांच्या टाळूला तेल. टाळूवर केस एकही नाही, तरी तेल. जे जे आत्याला आवडायचं, त्याला ती तेल लावायची.

एका सकाळी आत्यानं माठाकडं पाहिलं. गोल गोल माठ. गुटगुटीत माठ. आत्याला फार आवडला. मग काय. माठाच्या पोटाला तेल. माठाच्या पाठीला तेल. माठाच्या मानेला तेल. बाळाला चोळतात तसं चोळलं.

माठ चकाकला. आत्या खूश झाली.

आणि माठाचा घाम थांबला. थेंब थांबला. टप्प नाही, टिप नाही. वाळू सुकली. धण्याच्या रोपानं मान टाकली. चिंबी बसली पोट टेकून, तर पोटाला लागली वाळू. कोरडी कोरडी वाळू.

डराव म्हणायला काही बरं चाललेलंच नव्हतं.

तेवढ्यात आतोबा आले. त्यांनी माठातलं पाणी प्यायलं. तोंड वाकडं केलं. पाणी कोमट.

"माठ खोटा निघाला," आतोबा म्हणाले. "उन्हं उतरली की कुंभाराला परत."

त्यांनी दोरी काढली. दोरी माठाजवळ ठेवली. मग खाटेवर आडवे झाले.

चिंबीनं दोरी पाहिली. माठ गेला तर ओलही गेली. आजची गेली, उद्याची गेली, कायमची गेली. दुसरीकडं जावं, तर विहीर लांब. बाहेर कडक ऊन. निम्म्या वाटेत चिंबीचा पापड झाला असता.

रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही म्हणतात. माठ तर आईसुद्धा नव्हे. चिंबीनं ठरवलं. आपली ओल आपण मागायची.

चिंबी निघाली. पचक पचक, पचक पचक. लांब नव्हतं जायचं. वाळूतून वर आली, माठासमोर बसली.

"माठोबा माठोबा, थेंब दे.
वाळूतली ओल गेली,
चिंबी सुकून काडी झाली."

माठ म्हणाला, "देईन की. का नाही देणार? पण माझ्या अंगाला तेल. माझ्या अंगात बारीक बारीक वाटा आहेत. पाणी मातीला धरून धरून त्या वाटांनी बाहेर येतं. आता वाटांच्या तोंडाशी तेल बसलंय. पाणी तेलाला धरत नाही. राख आली, तेल प्यायली, तर थेंब देईन."

पाणी पोटात, आणि पोटातच. माठाचं घोडं तेलाशी अडलं होतं.

चिंबी निघाली राखेकडं. पचक पचक, पचक पचक. राख होती चुलीपुढं. ढिगानं बसली होती.

"राखूबाई राखूबाई, तेल पी.
माठ थेंब देत नाही,
वाळूतली ओल गेली,
चिंबी सुकून काडी झाली."

राख म्हणाली, "पिईन की. का नाही पिणार? पण माझं पोट भरलंय. सकाळी आतोबांचा चहा सांडला. अख्खं पातेलं सांडलं. माझा कण न् कण चहा पिऊन बसलाय. भरल्या पोटी तेल कुठं घालू? चूल पेटली, मी सुकले, तर तेल पिईन."

हे खरं होतं. सकाळी आतोबा म्हणाले, आज चहा मी करतो. आत्या नको म्हणत होती. आतोबांनी केलाच. मग तो चहा चुलीत गेला, राखेत गेला, काडेपेटीतही गेला. कपात तेवढा गेला नाही.

चिंबी निघाली चुलीकडं. चपक चपक, चपक चपक. आवाज बदलला, ऐकलंस? पाय सुकायला लागले होते.

"चूलबाई चूलबाई, पेट गं.
राख तेल पीत नाही,
माठ थेंब देत नाही,
वाळूतली ओल गेली,
चिंबी सुकून काडी झाली."

चूल म्हणाली, "पेटेन की. का नाही पेटणार? पण पेटू कशी? काडेपेटी भिजली. काडी ओढली की नुसती फिस्स करते. ज्योत आली माझ्यात, तर पेटेन."

म्हणून तर आज घरात दहीभात होता. कालचा भात, कालचं दही. आतोबांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. चहा कुणी सांडला ते त्यांना माहीत होतं.

चिंबी निघाली ज्योतीकडं. चपक चपक, चपक चपक. ज्योत होती देवघरात, दिव्यात. सकाळी लावलेली. आता अगदी तिळाएवढी उरली होती. लुक लुक, लुक लुक.

"ज्योतीताई ज्योतीताई, चुलीत ये.
चूल काही पेटत नाही,
राख तेल पीत नाही,
माठ थेंब देत नाही,
वाळूतली ओल गेली,
चिंबी सुकून काडी झाली."

ज्योत म्हणाली, "येईन की. का नाही येणार? पण मी तिळाएवढी. जाता जाताच विझेन. माझी वात संपत आली. तेल आहे खाली आणि मी आहे वर. तेल वातीच्या धाग्यांना धरून वर चढतं, तेव्हा मला खायला मिळतं. एवढ्याशा वातीनं एवढंसंच चढतं. कापसाची नवी वात झाली, मी मोठी झाले, तर चुलीत येईन."

सगळे म्हणत होते, का नाही. सगळ्यांच्या पुढं एक 'पण' होता. चिंबीला आता ते पाठ झालं होतं. तुलाही झालं असेल.

चिंबी निघाली कापसाकडं. टपक टपक, टपक टपक. पाठ सुकली. पाठीवर सुरकुती पडली. पोट तेवढं ओलं राहिलं. कापूस होता टोपलीत. ऐसपैस लोळत होता.

"कापूसदादा कापूसदादा, वात हो.
ज्योत चुलीत येत नाही,
चूल काही पेटत नाही,
राख तेल पीत नाही,
माठ थेंब देत नाही,
वाळूतली ओल गेली,
चिंबी सुकून काडी झाली."

कापूस म्हणाला, "होईन की. का नाही होणार? पण मी सुटा. माझा एक धागा इकडं, एक धागा तिकडं. मधे नुसती वाटच वाट. एवढ्या रुंद वाटेनं तेल चढत नाही. धागे दाटीनं बसायला हवेत. खांद्याला खांदा लावून. मधली वाट बारीक झाली, की तेल चढतं सरसर. कुणी मला वळलं, तर वात होईन."

एवढं बोलून कापूस पुन्हा लोळला. त्याला काय घाई.

वाटेत होती आतोबांची खाट. चिंबीला वाटलं, यांना विचारून बघावं. हात तर यांनाही दोन आहेत. टपक टपक जाऊन तिनं विचारलं, कापूस वळता का.

आतोबांनी एक डोळा उघडला. ते म्हणाले, मी एकदा वात वळली होती. तिची दोरी झाली. हे काम आत्याचं, तिलाच विचार. मग त्यांनी खिडकीकडं पाहिलं. ऊन भिंतीवरून खाली सरकलं होतं. आतोबांनी हात लांब केला, दोरी जवळ आहे ना ते चाचपलं आणि डोळा मिटला.

चिंबी निघाली आत्याकडं. टक टक, टक टक. चालली की काडी आपटल्यासारखा आवाज यायचा. आत्या बसली होती पडवीत. हातात पंखा. पंखा हलत होता, वारा गरमच येत होता.

"आत्याबाई आत्याबाई, कापूस वळ.
कापूस वात होत नाही,
ज्योत चुलीत येत नाही,
चूल काही पेटत नाही,
राख तेल पीत नाही,
माठ थेंब देत नाही,
वाळूतली ओल गेली,
चिंबी सुकून काडी झाली."

आत्या म्हणाली, "वळीन की. का नाही वळणार? पण मला उकडतंय गं. डोकं तापलंय नुसतं. घोटभर गार पाणी मिळालं, तर वळीन."

गार पाणी. चिंबी लगेच वळली. एक उडी मारली. मग थांबली.

गार पाणी कुठं असतं? माठात.

माठ काय म्हणतो? आधी राख. राख काय म्हणते? आधी चूल. चूल काय म्हणते? आधी ज्योत. ज्योत काय म्हणते? आधी कापूस. कापूस काय म्हणतो? आधी कुणीतरी वळा. आत्या काय म्हणते? आधी गार पाणी. आणि गार पाणी कुठं असतं?

माठात.

चिंबीनं पुन्हा सुरुवातीपासून मोजून पाहिलं. पुन्हा माठच आला. तिला गरगरलं. ज्या दारातून निघाली, त्याच दारात येऊन उभी. आता कुणाकडं जायचं? जायला कुणी उरलंच नव्हतं.

चिंबी खाली बसली. तिला रडू आलं. पण रडायलाही पाणी लागतं. ते कुठून आणायचं?

पलीकडं खाट वाजली. कर्रर्र. आतोबा कुशीवर वळले. ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं होतं.

चिंबीनं स्वतःकडं पाहिलं. पाय सुके. पाठ सुकी. पोट? पोट अजून ओलं होतं. थोडंसं. ओलं होतं म्हणून गार होतं. तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं.

तिनं आत्याकडं पाहिलं. आत्याचं कपाळ लाल झालं होतं.

चिंबीनं पाय गोळा केले. होती नव्हती ती सगळी ताकद गोळा केली. आणि मारली उडी. पायरीवरून गुडघ्यावर. गुडघ्यावरून खांद्यावर. खांद्यावरून थेट आत्याच्या कपाळावर.

चिप्प.

ताप आला की कपाळावर ओली पट्टी ठेवतात ना, तशी बसली. पोट टेकून. गप्प.

आत्याचा पंखा थांबला. आत्याचे डोळे मिटले.

"गार," आत्या म्हणाली. "गार गं बाई."

आत्याचं कपाळ निवत गेलं. चिंबीचं पोट सुकत गेलं. जेवढी एकीची उष्णता गेली, तेवढी दुसरीची ओल गेली. मग आत्यानं टोपली ओढली, कापूस घेतला आणि मांडीवर ठेवला. पण हात लावायच्या आधी तिला काहीतरी आठवलं.

"राख तेल पीत नाही म्हणालीस," आत्या म्हणाली. "कसलं तेल?"

चिंबीचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "माठाच्या अंगाचं," ती म्हणाली.

आत्यानं माठाकडं पाहिलं. माठ चकाकत होता. आत्यानं तेलाच्या वाटीकडं पाहिलं. वाटीही चकाकत होती.

"अगं बाई," आत्या म्हणाली. "मीच लावलं की. लाडानं लावलं. त्याला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही मी."

तिनं चिंबीला कपाळावरून अलगद उचललं. माठाखाली नेऊन ठेवलं. माठातलं ओंजळभर पाणी वाळूवर टाकलं. कोमट पाणी. चिंबी भिजली, पण जराशीच. वाळू म्हणाली सुर्रर्र, ऊन म्हणालं फुर्रर्र, आणि पाणी गेलं. ओतलेलं पाणी एकदाच येतं. चिंबीला हवी होती रोजची ओल. पण तेवढ्या ओंजळीवर तिनं तग धरला.

मग आत्या कामाला लागली. आत्या कामाला लागली की फार वेळ लागत नाही.

आत्यानं कापूस वळला. चर चर, चर चर. धागे बसले खांद्याला खांदा लावून.

कापसाची झाली वात.

वात गेली दिव्यात. तेल आलं, धाग्यांना धरून, बारीक वाटेनं, सरसर सरसर वर चढलं.

ज्योत झाली मोठी. आधी तिळाएवढी. मग गव्हाएवढी. मग बदामाएवढी.

ज्योत आली चुलीत. भप्प.

चूल पेटली. धड धड, धड धड.

राख तापली. राख सुकली. चहा गेला वाफ होऊन, पोट झालं रिकामं. आत्यानं मूठभर राख घेतली आणि माठाला चोळली. ज्या हातानं तेल लावलं, त्याच हातानं राख लावली. पोटाला राख. पाठीला राख. मानेला राख.

राखेनं तेल प्यायलं. घट घट, घट घट. आत्यानं फडक्यानं माठ पुसला. पुन्हा राख लावली, पुन्हा पुसला. माठाची चकाकी गेली. माठ दिसायला लागला साधा. लाल मातीचा, खरखरीत. जसा कुंभारानं दिला होता तसा.

मग आत्या बसली. चिंबीही बसली, वर बघत. आता पडेल थेंब. आता पडेल.

थेंब पडला नाही.

पाण्याला यायला वेळ लागतो. वाटा बारीक, आणि पाणी एकेका कणाला धरून येतं. हात सोडत नाही, धावत नाही. चिंबी वर बघत राहिली. तिची मान दुखली. डोळे जड झाले. ऊन जमिनीवरून अंगणात गेलं. अंगणातून कुंपणावर गेलं.

आणि आतोबा उठले.

आतोबांनी आळस दिला. दोरी घेतली. माठाजवळ आले. चिंबीच्या अगदी शेजारी त्यांचं पाऊल पडलं. चिंबी हलली नाही. हलायला तिच्यात काही उरलं नव्हतं.

आतोबा वाकले. त्यांनी दोन्ही हातांनी माठाला मिठी मारली, उचलायला. आणि तसेच थांबले.

त्यांनी एक हात काढला. हात पाहिला. हात ओला.

दुसरा हात काढला. तोही ओला.

"अगं," आतोबा म्हणाले, "हा रडतोय की काय? मी परत नेतोय म्हणून?"

"रडत नाही हो," आत्या म्हणाली. "घाम आलाय त्याला. आत्ताच कामाला लागलाय. ठेवा ती दोरी."

आतोबांनी माठाच्या पोटावरून बोट फिरवलं. बोटाखाली बारीक बारीक दाणे. पाण्याचे. एक दाणा दुसऱ्याला भेटला, दोघांचा मिळून झाला मोठा. मोठ्याला भेटला तिसरा. मग तो निघाला खाली. माठाच्या पोटावरून, हळू हळू, हळू हळू. अगदी खाली आला. लोंबला. अजून लोंबला.

टप्प.

थेंब पडला वाळूत. चिंबीच्या नाकावर नाही, डोक्यावर नाही. पलीकडं पडला.

चिंबी वर बघत होती. पण ओल आली खालून. वाळूच्या एका कणाला भिजवून, मग शेजारच्या कणाला, मग त्याच्या शेजारच्या. कणाला धरून, कणामधून, गुपचूप. आणि मग चिंबीच्या पोटाला लागलं काहीतरी. गार.

टप्प. टप्प.

पोट भिजलं. पाय भिजले. पाठीवरची सुरकुती मोडली. धण्याच्या रोपानं मान वर केली. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. तळं काही साचलं नाही. चिंबीला तळं नकोच होतं. तिला तिची ओल हवी होती, आणि ती मिळाली.

"डराव," चिंबी म्हणाली.

दिवेलागणीला आतोबांनी माठातलं पाणी प्यायलं. एक पेला. मग आणखी एक. तोंड वाकडं झालं नाही.

"गार आहे," ते म्हणाले. "कुंभार चांगला आहे हो."

कुंभार चांगला होताच. आत्यानं दोरी उचलली आणि खुंटीला टांगली. मग चहा केला. तिनंच केला. आतोबा चुलीपासून लांब बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या उठली. आत्यानं तेलाची वाटी घेतली. सवय ती, अशी जाते होय?

दाराच्या कडीला तेल. खाटेच्या पायांना तेल. शेजारच्या बाळाला तेल. आतोबांच्या टाळूला तेल.

मग आत्या आली माठाजवळ. माठ बसला होता घाम गाळत. लाल लाल, गोल गोल, गुटगुटीत. आत्याला फार आवडला. आत्याचा हात वाटीत गेला. हात वर आला. हात माठाजवळ आला.

माठाला...?

माठाखालून आवाज आला. पचक पचक, पचक पचक. नखाएवढी चिंबी बाहेर आली. माठासमोर बसली. आत्याकडं बघत राहिली.

आत्यानं हात मागे घेतला. तेलाचं बोट स्वतःच्याच टाळूला पुसलं.

"नाही हो बाई," आत्या म्हणाली. "याला नाही."

थेंब पडला टप्पकन,
चिंबी बसली गप्पकन,
गोष्ट इथंच भिजली,
आणि ऐकणारी बाळं निजली.